सदुसष्टावं वल्हं

आमची नाव सहासष्ट वल्ह्यांची. शर्यतीच्या कागदावर तसं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे: वुथी, नावप्रमुख, गाव प्रेक रुसै. मला कागदांचा तिटकारा आहे, पण सही माझीच असते. काही बिनसलं तर बोट दाखवायला गावाला एक माणूस लागतो, आणि गेली अकरा वर्षं तो माणूस मी आहे.

जलोत्सवाच्या पहिल्या दिवशी सकाळी राजधानीच्या धक्क्यावर मोजणीदार आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, गळ्यात शिट्टी. वल्हेकरी नावेत बसले की काठावरून डोकी मोजायची, एवढंच त्याचं काम. त्याने मोजली आणि म्हणाला, "सदुसष्ट. एक जास्त आहे, बोंग. उतरवा."

बोंग म्हणजे दादा. मला सगळे बोंगच म्हणतात, वयाने माझ्याहून थोरले असलेलेसुद्धा. म्हटलं, "कुणाला उतरवू? तुम्हीच दाखवा."

"मला काय माहीत? तुमची माणसं, तुम्ही ओळखा."

"मग परत मोजा. कालची अजून उतरली नसेल तुमची."

माझी माणसं खदखदून हसली. त्याने परत मोजलं, सदुसष्टच. मग चिडून त्याने सगळ्यांना खाली उतरवलं आणि एकेकाच्या पाठीवर थाप मारत पुन्हा नावेत सोडलं. सहासष्ट थापा झाल्या. सगळे बसल्यावर त्याने मागच्या टोकापासून परत डोकी मोजत आणली आणि सतराव्या फळीपाशी त्याचं बोट हवेतच थांबलं. चष्मा काढून तो बराच वेळ शर्टाला पुसत राहिला.

"ऊन फार आहे आज," तो म्हणाला आणि सही करून निघून गेला.

आता कुणी हसत नव्हतं. सतराव्या फळीवर उजवीकडे न्येम बसतो, डावीकडे पोव. फळी दोघांना ऐसपैस पुरते. पण पोव डावीकडे इतका सरकून बसला होता की त्याचं अर्धं बूड फळीच्या बाहेर होतं. वर्षभर तो असाच बसतो, आणि का बसतो ते मी त्याला एकदाही विचारलेलं नाही.

न्येमची ती जागा आधी वान्नाकची होती. वान्नाक आठ वर्षं तिथे वल्हवत होता. उंचापुरा, कमी बोलणारा, सांगितलं ते करणारा. असा माणूस मिळाला की प्रमुखाला देव भेटल्यासारखं वाटतं आणि मग तो त्या माणसाला पिळून काढतो. गेल्या वर्षी जलोत्सवाच्या बारा दिवस आधी वान्नाक सरावाला आला तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं. मला ते ठाऊक होतं, मी स्वतः त्याच्या कपाळाला हात लावला होता. पण शेजारच्या गावाची नाव आमच्याआधी तासभर पाण्यात उतरली होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "घाम आला की ताप उतरतो. बस."

तीन फेऱ्या मारल्या. ऊन असं की वल्ह्याची मूठ हाताला चटके देत होती. तिसरी फेरी संपल्यावर सगळ्यांनी वल्ही वर घेतली आणि एक वल्हं पाण्यातच राहिलं. वान्नाक बसल्या जागी गेला होता. नावेत एवढी दाटी असते की त्याला पडायलाही जागा मिळाली नाही. त्याचं डोकं पोवच्या खांद्यावर होतं, आणि पोवला वाटत होतं की दमून टेकलाय.

नावेत माणूस गेला तर आम्ही ती नाव तीन वर्षं पाण्यात घालत नाही. शिवाय त्याच दिवशी घरच्यांनी काठावर यायचं आणि त्याचा प्राण हाका मारून नावेतून घरी न्यायचा. शर्यत समितीचे नियम आणखी वेगळे. आजारी माणूस का बसवला याची चौकशी, मग नाव बाद, प्रमुख बाद.

देवळातली सगळी कार्यं करणारे आचार केम त्या दिवशी काठावरच होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गावात शब्दाला मान, सगळे त्यांना ता म्हणजे आजोबा म्हणतात. त्यांनी वान्नाककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चान्थू कुठाय?" त्यांनी विचारलं.

चान्थू वान्नाकची बायको. "तालुक्याच्या बाजारात. मासे विकायला."

"मग वान्नाक घरी गेला. सराव करून घरी आला, चटईवर आडवा झाला आणि झोपेत गेला. घरी गेला म्हटलं की प्राणही घरीच. मी घराच्या जिन्यावर उभा राहून हाका मारीन."

"असं चालतं?"

"चालवून घेतलं की सगळं चालतं. तीन वर्षं नाव सुकत ठेवायचीय का तुला?"

चौघांनी त्याला उचलून घरी नेलं. ओले कपडे बदलले, कुशीवर झोपवलं, अंगावर पांघरूण घातलं. मी पंखा लावला. कशाला लावला कोण जाणे. गावातल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं आणि प्रत्येकाने तोंड शिवून घेतलं. चान्थू परत आली तेव्हा तिला तो चटईवर सापडला. तेव्हापासून ती एकच वाक्य बोलते, "मी घरी असते तर वाचला असता." बाजाराला जाणं तिने बंदच केलं. हे वाक्य माझ्यासमोर तिने निदान वीस वेळा म्हटलं असेल आणि दर वेळी मी मान हलवून म्हटलं, "नशीब, दुसरं काय." स्वतःची लाज वाटते मला, पण म्हटलं हे खरं आहे.

न्येम तिचा धाकटा भाऊ. तो तेव्हा थायलंडमध्ये बांधकामावर होता. यंदा परत आला आणि म्हणाला, भाऊजींची जागा मला द्या. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

यंदाच्या सरावात पहिल्यांदा आवाज लक्षात आला. सहासष्ट वल्ही एकदम पाण्यात पडली की एकच धप्प आवाज होतो, त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं घसा फोडतो. यंदा धप्प झालं की मागून एक बारीकसं छप्प यायचं. ताल देणारा शिव्या घालून थकला. मागे कोण राहतो ते शोधायला मी एकेक ओळ थांबवून पाहिली. कुणीच मागे नव्हतं. आणि ते छप्प झालं की नाव पुढे उडी घ्यायची. जणू मागून कुणी ढकललं.

मग बाकीचंही दिसायला लागलं. दिवसभर उन्हात उपडी घातलेली नाव सरळ केली की सगळ्या फळ्या खडखडीत कोरड्या आणि सतरावी उजवीकडे ओली. रिकामी नाव पाण्यात सोडली तर मधोमध उजवीकडे बोटभर कललेली. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या माणसांना एवढी अक्कल असती तर काय हवं होतं, असं मी एरवी म्हणत असतो. ती अक्कल तेव्हा अचानक सगळ्यांना आली.

मी आचारांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "गावासाठी वल्हवतोय तो. असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?"

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. भीती वाटत होती, तरी बरं वाटलं. अकरा वर्षांत आम्ही कधी शेवटच्या दिवसापर्यंत पोचलो नव्हतो. यंदा पहिल्या दिवशी दोन नावा मागे टाकल्या, दुसऱ्या दिवशी तीन. त्यातल्या शेवटच्या नावेचा प्रमुख माझ्याकडे येऊन म्हणाला, "काय खायला घालता हो तुमच्या माणसांना?" मी हसून म्हटलं, "नव्या भाताचे पोहे आणि केळी." तो गेल्यावर मी माझ्या वाटचे पोहे नदीत टाकून दिले.

तिसऱ्या दिवशी चार वाजता अंतिम शर्यत होती. दुपारी बाराच्या सुमाराला पोव माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बोंग, न्येमला बघा जरा."

नदीकाठच्या आमच्या तंबूत न्येम चटईवर कुशीवर झोपला होता. बाहेर गावच्या बायका जेवण शिजवत होत्या, चिंचेच्या आंबट रश्श्याचा वास येत होता. मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं आणि हात धरले तर ते मात्र गार, नदीतून काढल्यासारखे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल दुपारपासून. काही नाही हो, बोंग. घाम आला की ताप उतरतो."

माझा हात तसाच राहिला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"भाऊजी म्हणाले. प्रमुख असंच म्हणतात, म्हणाले." तो हसला, तापात माणूस हसतो तसं. "फळीवर माझ्या शेजारीच बसतात ते. मांडीला मांडी लागते. गार असते. म्हणतात, तू नुसतं वल्हं धर, ओढतो मी."

"आणखी काय म्हणतो?"

"सारखं एकच विचारतात. बोंगने सांगितलं का, बोंगने सांगितलं का."

"काय सांगायचंय मी?"

"ते नाही बोलत." त्याने डोळे मिटले. "चार वाजता उठवा मला. तुम्ही म्हटल्याशिवाय मी जागा सोडायचा नाही. तीच शिस्त आहे ना आपली?"

तीच आहे. प्रमुखाने 'उतर' म्हटल्याशिवाय वल्हं खाली ठेवायचं नाही आणि फळी सोडायची नाही. माझ्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त, आणि तिच्याबद्दल मी लोकांसमोर छाती फुगवून बोलत आलोय.

मी बाहेर आलो तर आचार केम समितीचा कागद आणि पेन घेऊन उभे होते. त्यावर लिहिलं होतं की सर्व वल्हेकरी तंदुरुस्त आहेत, आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ होती. मी राखीव वल्हेकऱ्यांपैकी लिमला हाक मारली.

"लिम, न्येमच्या जागी बस."

"सतराव्या फळीवर?" लिम दोन पावलं मागे गेला. "बोंग, मला गावाबाहेर काढा, काय वाटेल ते करा. तिथे नाही बसणार मी." बाकीच्या दोघा राखीवांनी मी विचारायच्या आधीच माना हलवल्या.

"न्येमच बसेल," आचार म्हणाले. "सही कर. शर्यत ती केवढी? पाच-सात मिनिटं."

"गेल्या वर्षी पण मी असाच हिशेब केला होता, ता."

"गेल्या वर्षी असं होईल हे आपल्याला कुठे माहीत होतं?"

"मला ताप माहीत होता."

"हळू बोल!" त्यांनी चुलीकडे पाहिलं. "सगळं गाव टीव्हीसमोर बसलंय. बापजन्मात पहिल्यांदा आपली नाव इथवर आलीय. तुझ्या एकट्याच्या मनाला टोचणी लागली म्हणून गावाचं नाक कापणार आहेस?"

मी पेन घेतलं. खोटं कशाला बोलू, सही करायलाच घेतलं. नावातलं पहिलं अक्षर लिहूनही झालं. तेवढ्यात चान्थू ओलं फडकं घेऊन तंबूकडे आली आणि माझ्यापाशी थांबली.

"बोंग, त्याला बसवणार ना?" ती म्हणाली. "बसवा. भाऊजींच्या जागेवर बसून जिंकायचंय म्हणतो. काळजी करू नका, मी लक्ष ठेवीन त्याच्यावर. या वेळी कुठे जाणार नाही मी. बाजाराला गेले म्हणून एकदा भोगलंय ना."

ती आत गेली. माझ्या हातातलं पेन हलेना. मी कागद घडी करून खिशात घातला आणि धक्क्याकडे चालू लागलो. मागून आचार हाका मारत होते. मी वळलो नाही.

धक्क्यावर समितीच्या टेबलाशी तोच ढेरपोट्या मोजणीदार बसला होता. मी म्हटलं, "प्रेक रुसैची नाव मागे घेतोय."

"का?"

"एकाला ताप आहे."

"राखीव नाहीत?"

"आहेत. त्या जागेवर कुणी बसत नाही. गेल्या वर्षी त्या जागेवर आमचा माणूस मेला. ताप होता, मी बसवला. घरी मेला असं खोटं लिहून दिलं."

आजूबाजूला ढोल वाजत होते, कर्ण्यावरून कुणीतरी नावांची नावं पुकारत होतं. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "सतरावी फळी. उजवीकडे."

"हो."

"मान खाली घालून बसलेला. मला वाटलं, दमलाय." त्याने घाम पुसला. "बोंग, मी नुसता ताप लिहितो. बाकीचं लिहिलं तर तुमचं सगळं संपेल."

"दोन्ही लिहा," मी म्हटलं. त्याने लिहिलं, आणि या वेळी मी पूर्ण सही केली.

परत आलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. माझ्याच माणसांनी मला घेरलं. कुणी म्हणालं, "हरायची सवय लागलीय म्हाताऱ्याला." कुणी म्हणालं, "वर्षभर गप्प बसलात आणि जिंकायच्या दिवशी बरा कंठ फुटला!" एकाने माझ्या पायाशी वल्हं आपटलं. ते बरोबर बोलत होते. वर्षभर गप्प बसलोच होतो.

चान्थू चुलीपाशी होती. मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि सांगितलं. ताप, तीन फेऱ्या, पोवचा खांदा, चटई, पंखा. काही गाळलं नाही असं मला तेव्हा वाटलं. इतर बायका पातेली सोडून उठून गेल्या. त्यांनाही माहीत होतंच.

चान्थू रडली नाही. तिने चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं आणि विचारलं, "मी घरी असते तर?"

"तरी गेलाच असता. तो घरी आलाच नव्हता."

ती उठली. "आचारांना बोलवा. त्याला घेऊन जायचंय मला."

आचार केम यायला तयार नव्हते. पोवने त्यांना हाताला धरून आणलं. एका वर्षात पोवला मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं, "ता, जिन्यावरून बोलावलंत तेव्हा तो तिथे नव्हता. आता तो आहे तिथून बोलवा." म्हाताऱ्याने तबकात तांदूळ, केळी, उदबत्त्या आणि सुताचा पांढरा दोरा ठेवला. रिकामी नाव काठाला बांधलेली होती. वारा नव्हता, पाणी संथ होतं, तरी ती मधोमध उजवीकडे बोटभर कललेली होती.

माणसात एकोणीस प्राण असतात, ते सगळे गोळा करून न्यावे लागतात. आचारांनी हाका मारल्या. मग चान्थूने. "ये रे, घरी चल. मी आलेय न्यायला." बायका आमच्या नावेला कधी हात लावत नाहीत, पण तिने सरळ नावेच्या कडेवर हात ठेवला आणि कुणी तिला अडवलं नाही. तिने एकोणीस वेळा बोलावलं. मग पुन्हा एकोणीस वेळा. तिचा आवाज बसला. पलीकडे दोन नावा, त्यातली एक आमच्या जागी घेतलेली, अंतिम शर्यतीसाठी सुरुवातीच्या दोराकडे निघाल्या होत्या आणि हजारो माणसं ओरडत होती. आमची नाव तशीच कललेली होती.

"येत नाही तो," चान्थू म्हणाली. "माझ्यावर रागावलाय."

"वहिनी, तुमच्यावर नाही," पोव म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. वर्षभरात पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. "बोंग, तुम्ही सगळं नाही सांगितलंत. मी शेजारी होतो, मला ऐकू आलं होतं."

हे मी आतापर्यंत तुम्हालाही सांगितलेलं नाही. स्वतःलाही सांगत नव्हतो. दुसऱ्या फेरीनंतर नाव वळवत असताना वान्नाक माझ्याकडे वळून म्हणाला होता, "बोंग, मला उतरू द्या." नाव तेव्हा काठापासून दहा हातांवर होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "बायकांसारखा रडू नकोस. मी सांगेन तेव्हा उतरायचं." तो पुन्हा पुढे तोंड करून बसला आणि वल्हवायला लागला.

मी ते शब्द चान्थूसमोर, आचारांसमोर, माझ्या सगळ्या माणसांसमोर जसेच्या तसे म्हटले. त्यातल्या कुणी मान वर केली नाही. मग मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि सतराव्या फळीपाशी उभा राहिलो. उन्हात ती उजवी जागा ओलीगच्च होती. तिथे काही दिसत नव्हतं. पण रणरणत्या उन्हातही त्या जागेवरून माझ्या तोंडावर गारवा येत होता, आणि तिथे कुणी मान वर करून माझ्याकडे बघतंय हे मला माझ्या मानेपासून पाठीपर्यंत कळत होतं.

"वान्नाक," मी म्हटलं. "चुकलं माझं. उतर."

नाव एकदा जोरात हलली. काठाकडची कड खाली दबली, माणूस कडेवर पाय देऊन बाहेर पडतो तेव्हा दबते तशी, आणि मग नाव सरळ झाली. माझ्या शेजारून काठाच्या दिशेने पाणी कापल्याची एक रेघ गेली. चान्थूने मनगटाला दोरा बांधून घेतला आणि तबक पदराखाली घेतलं. तिचा चेहरा मला दिसला नाही, कारण ती लगेच तंबूकडे वळली, हळूहळू, शेजारून अशक्त माणूस चालत असला की चालतात तशी.

समितीने मला कायमचं बाद केलं आणि नाव तीन वर्षं देवळाच्या छपराखाली उपडी राहणार आहे. ते व्हायचंच होतं. त्या संध्याकाळी न्येम घामाने भिजून उठून बसला होता आणि भूक लागली म्हणत होता. मी तंबूत डोकावलो, त्याला पाहावं आणि चान्थूची माफी मागावी म्हणून.

तिने चटईवर एक ताट वाढलं होतं. भात, आंबट रस्सा, भाजलेला मासा. ताटासमोर कुणी नव्हतं, तबक तेवढं ठेवलेलं होतं. ती माझ्याकडे न बघताच बोलली.

"पितरांच्या पंधरवड्यात सात देवळं हिंडले मी, बोंग. सातही देवळांत त्याचं नाव घेऊन भाताचे गोळे टाकले. सातही ठिकाणी म्हटलं, पोटभर खा." तिने माशातला काटा काढून बाजूला ठेवला. "आणि हा तिकडे उन्हात बसला होता, तुम्ही उतर म्हणायची वाट बघत. एक वर्ष उपाशी."

मी खाली बसायला गेलो. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "तुमच्यासमोर त्याला जेवायचं धाडस होणार नाही."

मी बाहेर आलो आणि तंबूचं कापड मागे ओढून घेतलं.